लाईट गेली, पाठोपाठ लॅपटॉपही!

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पिंप्राळ्यात दुपारच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरूही दिसू नये, असे ऊन. चारच्या सुमारास पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला, पत्रे खडखडले, अंगणातली वाळवणे उडाली आणि लाईट गेली. खानदेशातल्या माणसाला लाईट जाण्याचे विशेष काही वाटत नाही. त्याचा हात आपोआप हातपंख्याकडे जातो. माझाही गेला. तेवढ्यात आतल्या खोलीतून पुतणीचा रडवेला आवाज आला, "नाना, गेलं सगळं!"

मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पाचा अहवाल लिहीत बसली होती. दोन तासांचे टंकलेखन साठवून ठेवायचे राहिले आणि लाईट गेल्याबरोबर लॅपटॉपचा पडदा काळा झाला. अहवाल द्यायला नऊ दिवस उरले होते. लॅपटॉप म्हणजे मांडीवरचा संगणक, वाटेल तिथे न्यावा, वाटेल तिथे काम करावे, हे त्याचे ब्रीद. आमचा मात्र गेले काही आठवडे दाव्याला बांधलेल्या गाईसारखा भिंतीतल्या सॉकेटला बांधलेला होता. वायर काढली की संपला. पडद्याच्या कोपऱ्यातले बॅटरीचे चित्र 'शून्य टक्के' म्हणत होते आणि वायर लावली तरी आकडा हलत नव्हता.

पोरीने तो आधीच एका दुकानात दाखवला होता. तिथे पाच मिनिटांत निकाल मिळाला. "चार्जिंगचा भाग गेला आहे. बोर्ड बदलावा लागेल. चौदा हजार. त्यापेक्षा नवीन घ्या."

संध्याकाळी माझा धाकटा भाऊ मळ्यातून आला. त्याच वादळाने अर्धी केळीची बाग आडवी केली होती. कापणीला महिनाभर राहिलेले घड मातीत लोळत होते. तो ओट्यावर बसला, पाणी प्याला, लेकीचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "घेऊन टाकू नवीन. बघू."

शेतकऱ्याच्या घरात 'बघू' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळतो. पोरीलाही कळला. ती म्हणाली, "राहू द्या आबा, मी मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन लिहीन." रात्री कोणी फारसे जेवले नाही.

बॅटरीच्या खोलीतला माणूस

मी संगणकाचा जाणकार नव्हे. पण तीस वर्षे टेलिफोन खात्यात काढली, त्यातली बरीचशी एक्स्चेंजच्या बॅटरीच्या खोलीत. जुन्या वाचकांना आठवत असेल, गावाची लाईट गेली तरी टेलिफोन चालू असायचा. त्याचे कारण ती खोली. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल असलेल्या दोन-दोन व्होल्टच्या घटांची रांग, सगळे मिळून सुमारे ४८ व्होल्ट. रोज सकाळी आम्ल मोजायचे, जोड पुसायचे, वहीत आकडे लिहायचे. तिथे आमच्या वरिष्ठांनी एक शिस्त लावली होती. बिघाड झाला की आधी पुरवठा बघायचा, मग जोड, मग बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी यंत्र. दुकानदाराने नेमका शेवटून आरंभ केला होता. म्हणून मी पुतणीला म्हटले, "ताई, उद्याचा दिवस मला दे. मग ठरवू."

सकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघे बसलो. आधी लॅपटॉप बंद केला, वायर काढली, उलटा करून खालच्या दोन खिट्या सरकवल्या आणि बॅटरी बाहेर काढली. (हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी आत स्क्रूने बसवलेली असते. ती घरी उघडू नये. हमी शिल्लक असेल तर मुळीच नाही.) मग बॅटरी आणि वायर दोन्ही नसताना चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले. आतल्या भागांत थोडी वीज अडकून राहते आणि बॅटरीवर देखरेख करणारी चिप कधी कधी त्यामुळे गोंधळते. बटण दाबून धरले की ती उरलीसुरली वीज निघून जाते. आतल्या बॅटरीच्या लॅपटॉपलाही वायर काढून बटण असेच दाबून धरता येते. कितीतरी 'मेलेले' लॅपटॉप एवढ्यानेच उठून बसतात.

आमचा बसला नाही. पण बॅटरी बाहेरच ठेवून नुसती वायर लावली, तेव्हा तो सुरळीत चालू झाला. ही परीक्षा फार मोलाची. बॅटरीशिवाय वायरीवर यंत्र चालते याचा अर्थ सॉकेट, वायर आणि बोर्डाचा मुख्य रस्ता उघडा आहे. म्हणजे संशयित उरले तीन: चार्जरची ताकद, बॅटरीचे जोड आणि खुद्द बॅटरी. बोर्डावरचा चार्जिंगचा भाग चौथा. पण त्याच्यावर आरोप ठेवायचा तो या तिघांना सोडल्यावर. जोड कोरड्या मऊ फडक्याने पुसले. धूळ निघाली, फरक पडला नाही.

पिन बसली म्हणजे सोयरीक जुळली असे नव्हे

मग मी चार्जर हातात घेतला आणि चष्मा चढवला. चार्जरच्या पोटावर मुंगीएवढ्या अक्षरांत त्याची कुंडली छापलेली असते. ती कोणी वाचत नाही. आमच्या चार्जरवर होते १९.५ व्होल्ट, २.३१ अँपिअर. गुणाकार केला की येतात ४५ वॉट. लॅपटॉपच्या पाठीवर छापले होते १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट.

"हा मूळचाच चार्जर का गं?"

"नाही नाना. तो दिवाळीत उंदराने कुरतडला. हा दुसरा आणला. पिन बरोबर बसली म्हणून घेतला."

चोर सापडला होता, निदान एक तरी. व्होल्ट जुळले, पिन बसली, पण ताकद अपुरी. अशा वेळी लॅपटॉप मिळेल ती वीज आधी स्वतःच्या पोटासाठी वापरतो, बॅटरीच्या वाट्याला काही उरत नाही. घरात पाणी कमी आले की आधी स्वयंपाकाला आणि मग झाडांना, तसेच हे. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते. 'मी अमुक वॉटचा आहे' हा निरोप ती लॅपटॉपला देते. ती वाकली वा तुटली, तरी हाच प्रकार होतो. यंत्र चालते, बॅटरी उपाशी राहते. आणि पडद्यावर येते काय? 'जोडलेले आहे, पण चार्ज होत नाही.' दुकानात या वाक्याचा अर्थ 'बोर्ड गेला' असा काढला गेला. मी दुकानदाराला लबाड म्हणणार नाही. गिऱ्हाईक दारात उभे, मागे रांग, आणि चार्जरवरची बारीक अक्षरे वाचायला वेळ कोणाला?

शेजारच्या मुलाकडे ६५ वॉटचा चार्जर होता. तो दुपारी बारा वाजता आणून लावला. पाच मिनिटांत आकडा शून्यावरून एक झाला. पुतणीने टाळी वाजवली. पाच, दहा, अठरा, बावीस. आणि बावीसवर गाडी थांबली. पुन्हा तेच वाक्य, 'चार्ज होत नाही.' पोरीचा चेहरा पडला.

ऊन सोसवत नाही ते कोणाला?

मी लॅपटॉपखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तो पलंगावर गोधडीवर ठेवलेला होता. खालची हवेची जाळी झाकली गेलेली, वर पत्र्याचे छत, आणि बाहेर मे महिन्यातला जळगावचा पारा, जो चव्वेचाळीस-पंचेचाळीसला सहज टेकतो. लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम-आयन घट असतात. ते तापलेले असताना चार्ज करणे धोक्याचे, म्हणून साधारण ४५ अंशांच्या पलीकडे बॅटरीतला रक्षक चार्जिंग थांबवतो. बहुतेक कंपन्या माहितीपुस्तकात लिहितात की, लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. ती पुस्तके लिहिणारे मे महिन्यात पिंप्राळ्याला आलेले नसावेत.

पुतणीला हे समजावून सांगताना मला आमचा रथ आठवला. पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. एवढा अवजड रथ, लोक जोराने ओढतात, त्याला वाटेल तिथे थांबवणे सोपे नाही. म्हणून चाकांशी मोगरी लावणारे असतात. लाकडाची मोगरी चाकाखाली अचूक घातली की रथ थांबतो किंवा वळतो. बॅटरीच्या आतही असाच एक मोगरीवाला बसलेला असतो, एका इवल्या पट्टीवर. उष्णता वाढली, मोगरी. व्होल्ट प्रमाणाबाहेर चढले, मोगरी. फार खाली उतरले, तरी मोगरी. आपण म्हणतो बॅटरी बिघडली. पुष्कळदा ती बिघडलेली नसते, मोगरीवाल्याने आपले काम केलेले असते.

रात्री लॅपटॉप बंद करून ओट्यावर, लाकडी पाटावर ठेवला. वारा सुटला होता. वायर लावून दिली. पहाटे पाहिले तर शंभर टक्के.

धरणातला गाळ

शंभर टक्के! घरात आनंदीआनंद झाला. मी म्हटले, थांबा, आता खरी परीक्षा. वायर काढली. लॅपटॉप चालू राहिला. पोरीने लिहायला सुरुवात केली. चाळीस मिनिटांनी तो पुन्हा काळा झाला.

शंभर टक्के आणि फक्त चाळीस मिनिटे? इथे बहुतेक जण फसतात. आपल्या हतनूर धरणाचे उदाहरण घ्या. तापीच्या या धरणात वर्षानुवर्षे गाळ साचत आला आहे. पाणी भिंतीला टेकले की धरण 'भरले' म्हणायचे. पण तळात गाळ असेल तर पाणी पूर्वीइतके मावत नाही. बॅटरीचे तसेच. टक्के सांगतात ते आज जेवढी जागा शिल्लक आहे, तिच्यातले. जागाच किती उरली, हे टक्क्यांत दिसत नाही.

ते पाहण्याची सोय मात्र लॅपटॉपमध्येच असते आणि फुकट असते. विंडोजच्या संगणकावर काळ्या पडद्याची आज्ञांची खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडायची. तिथे इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' असे जोडून लिहायचे. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला हेही संगणक सांगतो. त्यात दोन आकडे पाहायचे. एक 'डिझाइन कपॅसिटी', म्हणजे जन्माच्या वेळची ताकद. दुसरा 'फुल चार्ज कपॅसिटी', म्हणजे आजची.

आमच्या अहवालात पहिला आकडा ४१,४४० होता आणि दुसरा ११,०००च्या आसपास. मिलिवॉट-तासांचे हे हिशेब. सोपे करून सांगायचे तर ४१ वॉट-तासांची बॅटरी ११ वर आली होती. आमचा लॅपटॉप लिहिण्यासारख्या कामाला ताशी साधारण १५ वॉट-तास खातो. अकराला पंधराने भागा, पाऊण तासाच्या आत-बाहेर उत्तर येते. मोगरीवाला थोडे आधीच थांबवतो, म्हणून चाळीस मिनिटे. हिशेब चोख जुळला. बोर्ड निर्दोष सुटला. बॅटरी म्हातारी झाली होती आणि चुकीच्या चार्जरने तिची उपासमार केली होती, एवढेच.

माझ्या भावाने तेव्हा एक चांगला प्रश्न विचारला. "नाना, पण हा लॅपटॉप जुना घेतला तरी आधीच्या मालकाने फार वापरला नव्हता म्हणे. मग बॅटरी कशी संपली?"

केळी पिकवणाऱ्याला याचे उत्तर केळीतच देता येते. घड झाडावरून उतरवला की कोणी खावो न खावो, तो पिकतच जातो. उन्हात लवकर, थंडाव्यात उशिरा. लिथियमची बॅटरीही तशीच. वापरली तर झिजतेच, साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची उमेद कमी होते. पण नुसती कपाटात ठेवली तरी वयाने म्हातारी होते. त्यातही पूर्ण भरून उन्हात ठेवली तर अधिक लवकर.

एकोणीसशे एक्याण्णवची गोष्ट

या बॅटरीची जन्मकथा वाचण्यासारखी आहे. १८०० साली इटलीच्या व्होल्टाने जस्त आणि तांब्याच्या चकत्यांची चळत रचून पहिला विद्युतघट केला. पुढे शिसे आले, निकेल आले. लिथियम हा सर्वांत हलका धातू, पण स्वभावाने अतिशय तापट. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी त्याला घटात बसवून पाहिले. १९८०च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखवला. १९८५ मध्ये जपानचे अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियम धातू टाळून कार्बनचा आधार घेतला आणि घट सुरक्षित केला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. नोबेलच्या इतिहासात एवढ्या वयाचा मानकरी दुसरा नाही.

पण तापट स्वभाव मुळातून जात नाही. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीला आपल्या लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. घट सोनीचे होते. आत धातूचे सूक्ष्म कण राहून गेल्याने ते तापून पेट घेण्याचा धोका होता. म्हणून सांगतो, लॅपटॉपची तळपाटी फुगली, माऊसची पाटी वर उचलल्यासारखी दिसली किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर कोणतीही परीक्षा न करता तो तिथेच बंद करावा. चार्ज करू नये, बॅटरी दाबू नये, टोचू नये, जाणकाराकडे द्यावी. जुन्या बॅटरीची जागा घंटागाडीतही नाही आणि उकिरड्यावरही नाही. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात परत द्यावी.

हिशेबाची गोष्ट

आम्ही गोलाणी मार्केटमध्ये गेलो. जुनी बॅटरी सोबत नेली, कारण तिच्यावरचा क्रमांक आणि व्होल्ट जुळवायचे होते. आमची १४.८ व्होल्टची. तिच्या बनावटीची तारीखही पाहिली. वर्षानुवर्षे कपाटात पडलेली 'कोरी' बॅटरी म्हणजे काळे पडलेले केळे. हमीचे पक्के बिल घेतले. बॅटरी आणि ६५ वॉटचा चार्जर मिळून साडेतीन हजार झाले. चौदा हजार नव्हेत आणि नव्या लॅपटॉपचे चाळीस हजार तर नव्हेतच.

घरी आल्यावर चार नियम भिंतीवर लावले. लॅपटॉप पलंगावर नव्हे, पाटावर. दुपारी पत्र्याखाली चार्जिंग नाही. बॅटरी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही. 'शून्यापर्यंत उतरवा मग भरा' हा सल्ला निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांचा होता, लिथियमला तो लागू नाही. आणि दिवसभर वायर लावूनच काम असेल तर ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय चालू ठेवायची. अनेक लॅपटॉपमध्ये ती असते. ती चालू असताना आकडा ऐंशीवर थांबला, तर तो बिघाड समजून कोणी दुकान गाठू नये!

दुरुस्ती हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, हे आता सरकारनेही मान्य केले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. फसवणूक झाली असे वाटले तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक मदतवाहिनी आहे. पण त्याआधी आपणही थोडे डोळे उघडे ठेवावेत. आपल्या आजोबांना मोटेचा नाडा कुठे झिजला हे कळायचे, वडिलांना सायकलची चेन बसवता यायची. आपल्या हाती चाळीस हजारांचे यंत्र आले आणि त्याच्या चार्जरवर काय लिहिले आहे, तेवढे वाचायचेही आपण सोडून दिले. 'खराब झाले' आणि 'संपले' यांच्यात फरक असतो. तो शोधायला एक सकाळ लागते.

माझ्या पिढीने लाईट जाण्याचे दिवस पाहिले आहेत. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत खेड्यांतली पोरे कंदिलाखाली दहावीचा अभ्यास करत. गंमत अशी की, भुसावळजवळ दीपनगरच्या चिमण्या धूर सोडत होत्या, आणि त्यांच्या आसपासच्या गावांत अंधार असे. तेव्हा वीज साठवून ठेवता येईल, मांडीवर घेता येईल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

अहवाल देण्याच्या दोन दिवस आधी रात्री पुन्हा वारा सुटला आणि लाईट गेली. मी हातपंखा शोधला. भाऊ ओट्यावर अंधारात बसला होता. बागेच्या पंचनाम्याचे कागद अजून व्हायचे होते. आतून बोटांची टकटक चालूच होती. पडद्याचा उजेड पोरीच्या चेहऱ्यावर पडला होता.

भावाने बाहेरून विचारले, "लाईट आली का गं?"

"नाही आबा," ती म्हणाली, "पण माझं चालू आहे."

तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने उठला, आत आला आणि तिच्या शेजारी बसून पंख्याने वारा घालू लागला. आधी तिला, आणि मग थोडा लॅपटॉपलाही.